हिच्या कबरीवरचं गवत

रविवार, ४ मे

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

उपासना झाल्यावर मंडळीची सभा होती. पाळकसाहेब विचारत होते – चर्चच्या आवाराची, झाडांची, पाखरांची काळजी घ्यायला एक समिती हवी, प्रमुख कोण होतंय? नेमकी तेव्हाच माझ्या मानेवर मुंगी चावली. मी हात वर नेला. टाळ्या! "वा, आपले सलूनवाले पुढे आले!" मुंगी चावली हे भर चर्चमध्ये सांगायचं कसं? उठून हात जोडले आणि बसलो.

तर आजपासून मी सृष्टी-जतन समितीचा प्रमुख. माझी लायकी सांगायची तर दुकानात एक कुंडी आहे, तिच्यातलं झाडही प्लॅस्टिकचं. धूळ बसते म्हणून तिच्यावर रोज फवारा मारतो. नवीन गिऱ्हाईक म्हणतं, काय टवटवीत ठेवलंय हो! मी नाही म्हणत नाही.

समितीत आणखी दोघं. एक, शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई – गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून सगळे दुर्बीणबाई म्हणतात. दुसरा माझ्या शेजारच्या दुकानातला शिंपी. तो फक्त माझी फजिती जवळून बघता यावी म्हणून आलाय. तसं तोंडावर बोललाही.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या हसल्या. "तुम्ही? जावईबापू, तुम्हाला पुदिना आणि गवत यातला फरक कळत नाही."

खरं आहे. दोन्ही हिरवं असतं.

गुरुवार, ८ मे

समितीची पहिली बैठक माझ्या सलूनमध्ये. खुर्च्या तिथेच आहेत ना! दुर्बीणबाई गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या आणि बोलता बोलता गोल फिरत राहिल्या. त्यांचं म्हणणं असं – चर्चची सगळ्यात मोलाची जमीन समोरची बाग नाही, मागची दफनभूमी आहे. तिथे कधी नांगर लागला नाही, कधी बांधकाम झालं नाही. गवत जुन्या जातीचं आहे. त्यात किडे, फुलपाखरं, जमिनीवर घरटी करणारी पाखरं, सगळं राहू शकतं. आणि आपण काय करतो? दर महिन्याला तिचा चकोट करतो.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"काही नाही. कापायचं नाही. फुलं येऊ द्या, बी पडू द्या. चालायच्या वाटा तेवढ्या मोकळ्या ठेवा."

शिंपी म्हणाला, "म्हणजे काही न करणं हेच काम? मग माणूस बरोबर निवडलाय!"

मीही हसलो. ठराव झाला. दुकान बंद करताना डोक्यात आलं – हे आईंना कोण सांगणार?

मागे हिची कबर आहे. दोन वर्षं होतील. आई – म्हणजे सासूबाई, मी त्यांना आईच म्हणतो – दर रविवारी उपासनेनंतर फडकं घेऊन जातात, दगड पुसतात, आजूबाजूचं गवत उपटतात. डोळे जवळजवळ गेलेत त्यांचे. माणूस दिसतो तो धुक्यातला. लेकीचं नाव त्या बोटांनी वाचतात. मी फाटकाशी थांबतो. गुडघा दुखतो म्हणून सांगितलंय.

गुडघा ठणठणीत आहे.

त्या दगडाचं एक निराळंच आहे. कारागीर तेव्हा म्हणाला होता, "शेजारी तुमचंही नाव आत्ताच कोरून ठेवू का? परत दगड हलवायला नको." मी त्या दिवसांत असा होतो की त्याने शिंप्याचं नाव कोरू का विचारलं असतं तरी मान हलवली असती. तर आता हिच्या नावाशेजारी माझं नाव आहे, जन्मसाल आहे, एक आडवी रेघ आहे आणि पुढे मोकळी जागा. शिंपी म्हणतो, "माप घेऊन झालंय, शिवायचं तेवढं बाकी!"

दगड बसवला त्या दिवशी एकदा पाहिला. त्यानंतर फाटक.

रविवार, ११ मे

आज व्यासपीठावरून भाषण ठोकलं. पाळकसाहेब म्हणाले, दोन शब्द बोला. मी पाव तास बोललो. माईक हातात आला की माझं हे असं होतं. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "देवाने जमीन आपल्याला राखायला दिली आहे, तिची हजामत करायला नाही!"

सगळी मंडळी खो खो हसायला लागली. मला वाटलं भाषण रंगलं. खाली उतरेपर्यंत कळलं नाही की हे वाक्य कोण बोललं!

फाटकावर पाटी लावली. मीच रंगवली. "येथे गवत कापण्यास मनाई आहे. हुकमावरून, प्रमुख." हुकमावरून हा शब्द कुणी सांगितला नव्हता, तो माझा.

आई फाटकापाशी पाटीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. रंग ओला होता, बोटं निळी झाली. "काय लिहिलंय?" मी वाचून दाखवलं. घरी पोचल्या. दार लावलं आणि मग माझी बिनपाण्याने केली.

"माझ्या लेकीच्या डोक्यावर गवत वाढू देणार? आयुष्यभर तिने घरात केस पडू दिला नाही – सलूनवाल्याच्या घरात! तुम्ही दुकानातून आलात की उंबऱ्याबाहेर झटकून घ्यायची!"

"आई, नियम म्हणजे नियम. मीच प्रमुख. घरच्याच माणसाला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

"प्रमुख!" त्या म्हणाल्या. एवढंच. पण ते असं म्हणाल्या की मला माझ्या पाटीची लाज वाटली.

सोमवार, १२ मे

आई बोलत नाहीत. जेवण वाढतात, ताट सरकवतात. बोलत नाहीत.

रविवार, १८ मे

यंदा वळीव लवकर बरसला, गवत पिंडरीपर्यंत आलंय. पिवळी, जांभळी फुलं आहेत. नावं विचारू नका. दुर्बीणबाईंनी माझा दंड धरला आणि आकाशाकडे बोट केलं. "ऐका! चंडोल! इतक्या वर्षांनी इथे!" मी वर पाहिलं. काही दिसलं नाही. "वा!" म्हणालो. पण आवाज खरंच येत होता, वरून कुणीतरी गाणं सांडत असल्यासारखा. एवढंसं तपकिरी पाखरू म्हणे, जमिनीवर घरटं करतं आणि उंच जाऊन गातं.

कुणाला सांगणार नाही, इथेच लिहितो. मला फाटकाशी उभं राहून आत बघता आलं आज. दगड दिसतच नाहीत आता. नुसतं रान. मला हलकं वाटलं.

आई काठी घेऊन आत गेल्या होत्या. बऱ्याच वेळाने आल्या. बूट ओले, कपड्यांना कुसळं चिकटलेली. म्हणाल्या, "हात पोचला नाही. गवतातून चाचपत राहिले. कधी दगड लागतो, कधी नाही. नाव काही लागलं नाही." आठवड्यातलं पहिलं बोलणं, आणि ते हे.

मी मधमाश्यांचं सांगायला लागलो. गवतफुलांवर मधमाश्या कशा जगतात आणि मधमाश्यांवर आपण कसे जगतो. बराच वेळ बोललो. मधमाश्यांबद्दल मला काय ठाऊक? काही नाही!

आईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हाला गवत आवडत नाही. तुम्हाला तो दगड वाचायचा नाही."



शुक्रवार, २३ मे

दिवसभर हात दुसऱ्यांच्या डोक्यावर आणि डोकं भलतीकडे. आईंचं वाक्य काही जात नाही.

ठरवलं. उद्या भल्या पहाटे जाऊन आपल्यापुरतं कापून टाकायचं. फक्त हिच्यापुरतं. आईंचा हात नावापर्यंत पोचला पाहिजे, बास. नियम मी केला, मोडायला कुणाची परवानगी हवी?

शनिवार, २४ मे

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

माझ्याकडे विळा नाही. दुकानातली मोठी कात्री घेतली. कंगवाही घेतला, हाताला सवय! उजाडता उजाडता फाटक उघडलं. दगड बसवल्यानंतर पहिल्यांदा आत गेलो. दगडाकडे पाहायचं नाही, गवताकडेच पाहायचं, असं स्वतःला बजावत गुडघ्यांवर बसलो आणि कंगव्यावर गवत घेत कापायला लागलो.

हात कसा चालला म्हणून सांगू! दगडाजवळ बारीक, मग हळूहळू लांब, कडेला सफाई. कानावरून मशीन फिरवतो तसं. उशाकडून सुरुवात केली ती पायथ्यापर्यंत गेलो. मागे सरून तिरक्या नजरेने दोन्ही बाजू सारख्या झाल्यात का तेही पाहिलं. दगडामागे आरसा धरायचा तेवढा राहिला होता.

शेवटचा झुबका कापला आणि माझ्या हाताशेजारून फुर्रकन एक पाखरू उडालं. खाली वाटीएवढा खळगा. त्यात सुकं गवत. आणि तीन अंडी – मळकट, ठिपक्यांची, अंगठ्याच्या पेराएवढी.

मी त्याचं छप्पर कापलं होतं.

पुढे मी जे केलं त्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. कापलेलं गवत उचलून घरट्याभोवती परत उभं रोवायला लागलो. चुकून जास्त कापलं गेलं की गिऱ्हाईक वैतागून म्हणतं ना, "आता लावा परत!" – तेच करत होतो. एक काडी उभी राहीना. शेजारच्या दगडावर, शिंप्याच्या वडिलांच्या, एक कावळा येऊन बसला. हुसकावला. जरा सरकून परत बसला.

आणि हो. एवढ्या जवळ बसल्यावर दगड वाचावा लागलाच. आधी हिचं नाव. मग माझं. मग रेघ.

दुकान उशिरा उघडलं. पहिल्या गिऱ्हाइकाचे कल्ले खालीवर झाले. त्याला सांगितलं, सध्या अशीच फॅशन आहे.

रविवार, २५ मे

लपणार होतं थोडंच! सगळीकडे रान आणि मधोमध एक कबर अशी नटून बसलेली. फाटकाशी गर्दी. कुणी कापलं? पाटी असताना?

शिंपी पुढे झाला. वाकून नीट पाहिलं. मग टोपी काढली, सगळ्यांना पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "हा कट ओळखीचा वाटतोय का बघा!" लोकांनी त्याचं डोकं पाहिलं, मग कबर पाहिली. सारखीच! गेल्या आठवड्यात मीच कापले होते. एकच हशा! "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," शिंपी वर म्हणतो कसा.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण दफनभूमीत असलं काही मनात आणू नये. माझी तर जागा नावासकट तयार आहे.

पाळकसाहेब नुसते पाटीकडे बघत होते, तेच जास्त लागत होतं. तोंड वाचवायला मी ओरडलो, "कापलं म्हणूनच सापडलं! घरटं आहे तिथे!"

दुर्बीणबाईंनी वाटेवरूनच दुर्बीण लावली. "चंडोलाचंच! तीन अंडी!" आणि मग माझ्याकडे पाहिलं. "पण पार उघडी पडलीत हो. कावळे सोडणार नाहीत."

पाळकसाहेबांनी तिथेच उभ्याने प्रार्थना केली. तीन अंड्यांसाठी! बाईंनी भोवती दोरी बांधायला लावली. म्हणाल्या, कुणी जरा लांब, न हलता बसून राहिलं तर कावळे बिचकतील आणि पक्षीणही कदाचित परत येईल.

"मी बसते," आई म्हणाल्या. "मला दुसरं काय काम आहे? लेकीच्या उशाशी बसेन. पायथ्याचं घरटं तिथून लांब आहे." टाळ्या पडल्या. मला पडल्या होत्या त्यापेक्षा खऱ्या.

घरी येताना माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "उद्या एक खुर्ची घ्या बरोबर."

सोमवार, २६ मे

सोमवारी दुकान बंदच असतं. सलूनमधली एक खुर्ची डोक्यावर घेऊन निघालो. आई मागून, वेणी घालून, स्वच्छ कपडे. उशाशी खुर्ची ठेवली आणि पायथ्याशी जाऊन वाकलो.

रिकामं. एकही अंडं नाही. कवचाचा एक तुकडा तेवढा बाहेर. कावळा शिंप्याच्या वडिलांवर बसलेला.

"किती आहेत हो?" मागून आई.

वळलो. त्यांनी मान किंचित वाकडी केली होती, ऐकायला. चेहरा असा उजळलेला की दोन वर्षांत पाहिला नव्हता मी.

"तीन," माझ्या तोंडून गेलं.

झालं! गेलं ते गेलं. वर आणखी सांगितलं, घरट्याला हात लावू नका, पक्षीण टाकून जाते. त्या शहाण्या मुलीसारख्या हो म्हणाल्या, खुर्चीत बसल्या, हात लांब करून दगडावर ठेवला. बोटं नावावर. मी थर्मासमधून चहा आणून दिला दुपारी, संध्याकाळी घ्यायला गेलो. त्यांच्या नखांत माती होती. "हात लावलात की काय?" मी रागावलो. "छे हो, दगड पुसत होते."

तीन अंडी मी मारली, आणि रागावतोय त्यांच्यावर.

बुधवार, २८ मे

खोटं बोलणं हे पूर्ण वेळेचं काम आहे. दुकानात जो येतो तो आधी विचारतो, "अंडी कशी आहेत?" मग केसांचं बोलतो. "तीनही छान," मी सांगतो. न्हाव्याचा उकिरडा उकराल तितके केसच निघणार, तसं माझ्याकडून आता नुसती अंडीच निघतायत.

दुर्बीणबाई परीक्षेच्या कामाला बाहेरगावी गेल्यात, पंधरवडाभर. कळल्यावर म्हणालो, देवा, तुझे आभार! मग लक्षात आलं आपण कुणाचे आणि कशासाठी आभार मानतोय.

रविवार, १ जून

आजच्या प्रार्थनेत आजारी लोक, प्रवासाला गेलेले लोक, आणि तीन अंडी. सगळ्यात मोठ्याने आमेन मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं!

पण एक बघतोय. गवताबद्दल आता कुणीच कुरकुरत नाही. पाटी लागली तेव्हा जे लोक विळे घेऊन भांडायला आले होते ते हळू पाय टाकत जातात, पोरांना गप्प करतात, वाकून फुलं बघतात. चंडोल रोज वरून गातो, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच आहे. शिंप्याने आईंना उन्हासाठी चिंध्या जोडून एक छत शिवून दिलं, चार काठ्यांवर. नाना रंगांचं. आई त्याखाली राणीसारख्या बसतात.

आणि मी सकाळी सोडायला, दुपारी चहा घेऊन, संध्याकाळी आणायला. गेलं की थोडं बसावं लागतं. शिंप्याच्या वडिलांच्या कट्ट्याला टेकून जमिनीवर बसतो. आई लेकीशी मोठ्याने बोलतात, मध्येच मला साक्षीला घेतात. आज सांगत होत्या, मी पहिल्यांदा हिला बघायला गेलो तेव्हा आरशात बघून स्वतःचेच केस कापून गेलो होतो. एक बाजू वर, एक खाली. "तू आत येऊन पोट धरून हसलीस," आई दगडाला म्हणाल्या, "आणि म्हणालीस, हाच. याला कुणीतरी बघायला हवं."

हे मला माहीतच नव्हतं! इतकी वर्षं मला वाटत होतं, तिचं लक्षच गेलं नव्हतं केसांकडे.

मी हसलो. मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही. आईंनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

हिची आठवण येते. फार येते. लिहून टाकलं.

शुक्रवार, ६ जून

अंडी किती दिवस अंडी राहणार? दुर्बीणबाईंच्या हिशेबाने आता फुटायला हवीत. तेव्हा आज फोडली.

"आई, पिल्लं आली!"

"किती?"

तीन म्हणणार होतो. पण तीनच्या तीन म्हणजे जरा हावरटपणा वाटला. "दोन."

"आणि तिसरं?"

"तिसरं... नाही फुटलं."

"अगं बाई," आई म्हणाल्या आणि दगडावरचा हात मांडीवर घेतला. मला वाटलं आपण एका पिल्लाचा जीव घेतला. जे नव्हतंच त्याचा! माझ्यासारखा गाढव शोधून सापडणार नाही.

आता रोज विचारतात, डोळे उघडले का, पंख फुटले का. चंडोलाचं पिल्लू कसं असतं मला कुठे ठाऊक! दुकानातली गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर आणतो. "मोठं जरा टकलं आहे," सांगितलं आज. "कानाशी चार केस."

आई खोकल्या. खोकल्याच असाव्यात.

रविवार, ८ जून

पाळकसाहेबांनी दोन पिल्लांबद्दल देवाचे आभार मानले. मी आमेन म्हटलं नाही. नुसते ओठ हलवले.

मंगळवार, १० जून

आज खरं सांगून टाकायचं म्हणून सकाळी दुकानात आरशासमोर उभं राहून सराव केला. "आई, मी तुम्हाला फसवलं." माझ्या दुकानात समोरासमोर दोन आरसे आहेत. एकामागे एक, पार आतपर्यंत, सगळे मीच, सगळे तोंड पाडून माफी मागतायत. हसूही आलं आणि शरमही वाटली.

दुपारी चहा घेऊन गेलो. तोंड उघडतो तोच आई म्हणाल्या, "आधी बसा." हात दगडावरून फिरवत होत्या. "इथे तुमच्या नावापुढे मोकळी जागा आहे ना, ती हाताला फार बरी लागते. गुळगुळीत आहे. राहू दे अशीच पुष्कळ दिवस."

चहा प्यायलो आणि परत आलो. मला भीती त्या रागावतील याची नाही. ही खुर्ची उचलावी लागेल, त्या पुन्हा घरात भिंतीकडे तोंड करून बसतील, याची आहे.

रविवार, १५ जून

दुर्बीणबाई परतल्या. म्हणजे पिल्लं उडायलाच हवीत. उपासनेआधी जाहीर केलं, "उडाली! काल संध्याकाळी!" टाळ्या. शिंप्याने तर मला मिठीच मारली. त्याच्या डोळ्यांत पाणी. आणि मी त्याच्या खांद्यावरून भिंत बघतोय.

नंतर बाई दोरीच्या आत गेल्या. वाकल्या. बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. "घरट्यात कोळ्याचं जाळं आहे, जुनं. कधी गेली?"

"दुसऱ्याच दिवशी," मी म्हणालो. मान वर झाली नाही.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली आणि मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथलं गवत कमरेएवढं झालंय. बराच वेळ नुसतं हिरवं. मग एक तपकिरी पाखरू आलं. चोचीत अळी. गवतात उतरलं, रिकाम्या चोचीने वर आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं.

"तिने पुन्हा मांडलं घर," बाई म्हणाल्या. "तिथे कात्री घेऊन कुणी गेलं नाही ना. आईंना मी काही सांगणार नाही. पण मंडळीला तुम्ही सांगायचं. पुढच्या रविवारी."

सांगेन. पाव तास नाही, दोनच शब्द. आणि त्या पाटीवरचं 'हुकमावरून' पुसायचं.

पिल्लं उडाल्याचं ऐकून आई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं." मग थोड्या वेळाने, "म्हणजे आता यायला नको?"

उद्या त्यांना आधी सांगायचं. मंडळीच्या आधी.

सोमवार, १६ जून

खुर्ची आणायला गेलो. आई बरोबर आल्या. तिथेच, उभ्याउभ्या सांगून टाकलं – अंडी पहिल्याच सकाळी गेली होती, पिल्लं नव्हतीच, सगळं मी रचलं.

"माहीत आहे," आई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी तुम्ही गेल्यावर हात घालून पाहिला मी."

"मग एवढे दिवस राखण कसली केलीत?"

"तुमची."

मग फडक्याने दगड पुसायला लागल्या. हिचं नाव, माझं नाव, पुढची मोकळी जागा. म्हणाल्या, "ती खुर्ची राहू दे. उद्या आणखी एक आणा. असे रोज जमिनीवर बसलात तर गुडघा खरंच दुखायला लागेल."